सासूबाईंनी उरकलेली कामं

दंतवैद्याने एकाही रहस्यकथेतला खुनी शेवटच्या प्रकरणाआधी ओळखला नव्हता. आपलं नेमकं चुकतं कुठे, हे कुतूहल त्याला स्वस्थ बसू देईना. म्हणून दुपारी पेशंट नसताना त्याने ई-बुकांत जागोजागी लिहिलेल्या सगळ्या टिपा दवाखान्यातल्या कॉम्प्युटरवर, नोंदींच्या अ‍ॅपमध्ये ओतल्या. एकत्र दिसल्या की चूक सापडेल, असा त्याचा हिशेब. हातातल्या कादंबरीचं शेवटचं प्रकरण तर त्याने मुद्दाम राखून ठेवलं होतं. या खेपेला खुनी स्वतः पकडायचाच!

अ‍ॅप भलतंच चौकस निघालं. ‘प्रश्नचिन्ह असलेल्या टिपांची कामं करू?’ त्याने ‘हो’ दाबलं. ‘घरच्यांच्या सामाईक यादीत टाकू?’ पुन्हा ‘हो’. पेशंटला “दुखतंय का?” विचारून उत्तराची वाट न पाहणारा माणूस तो, यंत्राचे प्रश्न कशाला पुरते वाचतोय!

थोड्याच वेळात बायकोचा फोन आला.

“अहो, यादीत दूध, बल्ब आणि त्याखाली ‘सासूला आधी हटवायचं का?’ हे काय?”

“अगं, ती कादंबरीतली सासू!”

“आणि ‘विष चहातच का?’”

“तेही कादंबरीतलंच. आईंना दाखवू नकोस.”

“आईच्या फोनवरही यादी येते. तिने आत्ताच चहा तुमच्या गुलाबाच्या कुंडीत ओतला.”

तो धापा टाकत घरी पोचला तेव्हा चार दिवस राहायला आलेल्या सासूबाई बॅग भरत होत्या.

“जावईबापू, काही खुपत असेल तर तोंडावर सांगावं माणसाने. यादीत कसलं टाकता?”

त्याने गयावया करत कादंबरी उघडलेला टॅबच त्यांच्या हातात दिला. सासूबाईंनी चष्मा लावला, दोन पानं उभ्यानेच वाचली आणि मग त्या बॅगेवरच बसल्या.

“बरं आहे की हे. कोणी मारलं?”

“तेच तर शोधतोय, आई! कळलं तरी मला मात्र सांगू नका हं.”

“मी कशाला सांगू?” असं म्हणून त्यांनी बोटाने पान सरकवलं. जेवायला हाका मारल्या तरी त्या उठल्या नाहीत.

सासूबाईंनी शब्द पाळला, सांगितलं काहीच नाही. पण यादीत काम दिसलं की उरकून टाकायचं, ही त्यांची जुनी सवय.

दुसऱ्या दिवशी सकाळी खुर्चीत एक पेशंट आ वासून पडला होता. दाढ कोरून झाली होती, सिमेंट भरायचं तेवढं बाकी. इतक्यात कॉम्प्युटरच्या, एक्स-रे दाखवायच्या पडद्यावर यादी उमटली. ‘सासूला आधी हटवायचं का?’ खाली सासूबाईंचं उत्तर: ‘नको. बिचारी निर्दोष आहे.’ पुढचं काम होतं, ‘खुनी कोण?’ आणि तेही झालेलं! दंतवैद्याने घाईघाईने डोळे मिटून घेतले.

“मला बघायचं नाही! तुम्हीही वाचू नका!”

पेशंटने तोंडातला कापूस काढला.

“डॉक्टर, ‘दंतवैद्य’ असं लिहिलंय. विष चहात नव्हतंच म्हणे, दाढेत भरलेल्या सिमेंटमध्ये होतं. आणि खाली लिहिलंय, ‘जावईबापू, भला माणूस म्हणून त्याला तुम्ही पहिल्याच टिपेत वगळलंत.’”

आपलं कुठे चुकतं ते दंतवैद्याला अखेर कळलं. डोळे मिटलेलेच ठेवून त्याने एक मोठा उसासा टाकला.

“मग, भरायची ना दाढ?” त्याने विचारलं आणि आयुष्यात पहिल्यांदाच उत्तराची वाट पाहिली. बऱ्याच वेळाने डोळे उघडले, तेव्हा खुर्ची रिकामी होती.