‘सांभाळणे’ रजेवर

तांबसखेडला शब्दांना हक्काची रजा असते, आणि रजेवर गेलेल्या शब्दाच्या जागी नगरपालिका त्याच अर्थाचा दुसरा पाठवते. त्यात कुणाला वावगं वाटत नाही. ‘भाकरी’ रजेवर होती तेव्हा गावानं आठवडाभर ‘अन्न’ थापलं, भाजलं, पोटं भरलीच.

प्रमिलाच्या आईच्या दहाव्याला मात्र ‘सांभाळणे’ रजेवर होतं.

नदीकाठी गुरुजींनी भालूच्या हातून पिंड ठेवून घेतले. बाभळीवर कावळे होते, पण एकही खाली येईना. आईचा जीव कशात अडकलाय ते सगळ्यांना ठाऊक होतं. भालू, प्रमिलाचा भाऊ, चाळिशीचा. समज लहान पोराची.

“सांग तुझ्या आईला,” मामा प्रमिलाला म्हणाले. “म्हण, भालूला मी...” आणि मामांचं तोंड उघडंच राहिलं.

नगरपालिकेचे बदली कारकून लोखंडे तयारीनिशी आले होते. पिंडांना नमस्कार करून त्यांनी टोपी काढली. “ताई, बदली शब्द सगळे अनुभवी आहेत. आधी ‘देखभाल’ घ्या.”

“आई, भालूची देखभाल करीन.”

देखभाल गडी ठेवूनही होते. कावळ्यानं मान फिरवली.

“त्याच्यावर लक्ष ठेवीन.”

लक्ष नाशकात सासरी बसूनही ठेवता येतं.

“त्याची व्यवस्था करीन.”

हे ऐकून दोन कावळे उडूनच गेले.

“कावळ्यांना बदली चालत नाही का हो?” गुरुजींनी विचारलं.

“नियमात त्यांना सूट नाही,” लोखंडे गंभीरपणे म्हणाले.

खरं तर शब्द रजेवर असल्याचं सकाळी कळलं तेव्हा प्रमिलाला हायसं वाटलं होतं. नाशकातल्या दोन खोल्या, नवऱ्याच्या कपाळावरच्या आठ्या. आता उपाशी ताटकळलेली आई डोळ्यांपुढून हलेना, आणि तिला स्वतःची भयंकर लाज वाटली.

ऊन चढलं. “दर्भाचा कावळा करून शिववू,” गुरुजी म्हणाले.

“तोही समानार्थीच,” लोखंड्यांनी मान डोलावली.

“नको,” प्रमिला म्हणाली.

भालू वाळूत बसला होता. शर्टाच्या गुंड्या खालीवर लागलेल्या, आई गेल्यापासून तशाच. प्रमिला त्याच्यापुढे बसली. सगळ्या गुंड्या काढून एकेक नीट लावू लागली.

“आई लावायची,” भालू म्हणाला.

“आता मी लावीन. रोज. चल माझ्याबरोबर.”

शेवटची गुंडी लागली आणि कावळा पिंडाला शिवला.

लोखंड्यांनी टोपी घातली. “बदली मंजूर.”

तेव्हापासून तांबसखेडला ‘सांभाळणे’ रजेवर गेलं, की माणसं एकमेकांपुढे बसतात आणि शर्टाची गुंडी लावून देतात. नगरपालिकेची त्याला हरकत नाही.