चाकामागची वीट

रविवारी सकाळी तक्रारकाकांनी किल्ली फिरवली आणि डॅशबोर्डवर ब्रेकचा लाल दिवा लागला. तो नेहमीच लागायचा आणि इंजिन सुरू झालं की विझायचा. त्या दिवशी विझला नाही. काकांनी गाडी बंद करून पुन्हा सुरू केली, डॅशबोर्डला दोन टिचक्या मारल्या आणि मान वर करून गॅलरीकडे बघितलं. काकू गॅलरीत नव्हत्या. तेवढं एक बरं झालं.

कारण दोनच महिन्यांपूर्वी एका समारंभाला जाताना गाडीने भर चौकात मान टाकली होती आणि काकूंना ठेवणीतल्या कपड्यांत तिला धक्का मारावा लागला होता. घरी आल्यावर काकू शांतपणे म्हणाल्या होत्या, "आता हिचं एवढंसं जरी काही निघालं ना, तर ही विकायची." त्या ओरडल्या असत्या तर काकांनी कानाआड केलं असतं. पण काकूंचा शांत आवाज म्हणजे निकाल असतो, हे ते बावीस वर्षांच्या अनुभवाने जाणून होते.

काका पाणीपुरवठा कचेरीत तक्रारीच्या खिडकीवर बसत. नळ गळतो, पाणी येत नाही, येतं ते गढूळ येतं, हे सगळं दिवसभर ऐकायचं आणि प्रत्येकाला पहिला प्रश्न विचारायचा, "तुमचा घरातला कॉक नीट उघडला होता का?" दहातल्या सहा तक्रारी तिथेच मिटत. घरी आलं की दोन खोल्या, एका खोलीत मुलाचा अभ्यास आणि दुसरीत आईचा टीव्ही. काका आठवडाभर कचेरीच्या बसने जात. एकोणीस वर्षांची ती गाडी फक्त रविवारी निघे. ती पुसून झाली की काका काचा वर करून आत अर्धा तास नुसते बसत. तेवढा वेळ त्यांना कोणी काही मागत नसे, काही सांगत नसे. या अर्ध्या तासावर त्यांचा पुढचा आठवडा चालायचा, आणि गाडी गेली की तो जाणार होता.

त्यामुळे दिव्याची गोष्ट घरात न काढता काका भाजी आणायच्या निमित्ताने गॅरेजमध्ये गेले. मिस्त्रीने बॉनेट उघडलं, ब्रेक ऑइल बघितलं, बोटभर कमी होतं ते भरलं. दिवा तसाच. मग त्याने विचारलं, "काका, हँडब्रेक तर ओढलेला नाही ना?"

काकांना हा प्रश्न जरा झोंबला.

"अकरा वर्षांत हात लावलेला नाही त्याला," ते म्हणाले. "मी वीट लावतो."

हे अगदी खरं होतं. अकरा वर्षांपूर्वी हँडब्रेकच्या भरवशावर उभी केलेली गाडी आपली आपण उतारावरून गेली होती आणि शेजाऱ्यांच्या सात कुंड्या फोडून थांबली होती. तेव्हापासून काका गाडी गिअरमध्ये उभी करत आणि मागच्या चाकाला वीट लावत. हँडब्रेकच्या दांड्यावर त्यांनी गाडी पुसायचं पिवळं फडकं वाळत घातलं होतं. त्या दांड्याला दुसरं काम उरलं नव्हतं. मिस्त्रीने फडक्याकडे बघितलं, काकांच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि विषय सोडला.

त्याने ब्रेकचे पॅड बदलले. दिवा तसाच. पुढच्या रविवारी ऑइलच्या डबीचा सेन्सर बदलला. तरी तसाच. त्याच्या पुढच्या रविवारी तो डॅशबोर्डच्या खाली डोकं घालून तासभर पडून राहिला आणि बाहेर येऊन म्हणाला, "काका, ब्रेक एकदम चोख आहेत. दिवाच वेडा झालाय. माझं ऐका, चिकटपट्टी लावा." आणि काळ्या चिकटपट्टीचा नखाएवढा तुकडा त्याने स्वतःच दिव्यावर लावून दिला. इतकं थकून मिळालेलं समाधान काकांनी मुकाट्याने घेतलं.

पण गाडीने आता ठरवून पिच्छा पुरवला होता. काका आत बसले की त्यांचे गुडघे स्टिअरिंगला लागत. मिस्त्री म्हणाला, सीटची खाच झिजली असेल, सीट पुढे सरकते. काकांना वाटलं, आपलं पोट सुटलंय. मधला आरसा दर रविवारी छताकडे बघत असे. मिस्त्रीने त्याचा स्क्रू आवळला. त्यातच, आठवडाभर जागेवरून न हललेल्या गाडीतलं पेट्रोल कमी व्हायला लागलं. मिस्त्रीने टाकी खालून चाचपली, पाइप हुंगले, आणि शेवटी टोपी काढून डोकं खाजवलं. "ही आता आतूनच संपत आलीय," तो म्हणाला.

काकांनाही स्वतःबद्दल साधारण तेच वाटत होतं. पाचव्या रविवारी ते घरी येऊन खुर्चीत बसले आणि आपणहून सगळं सांगून मोकळे झाले. दिवा, चिकटपट्टी, सीट, आरसा, पेट्रोल.

"तू म्हणत होतीस तेच खरं," ते म्हणाले. "विकून टाकू या. मला आता नाही झेपत."

काकूंनी आनंदाने मान डोलवावी एवढीच अपेक्षा होती. पण काकू कितीतरी वेळ हातातलं पातेलं पुसत राहिल्या. मग म्हणाल्या, "इतकी काय घाई आहे?" आपली समजूत घालायला बोलतेय, असं समजून काकांना भरून आलं, आणि त्या भरात त्यांनी मिस्त्रीने सुचवलेल्या एका गिऱ्हाईकाला लगेच फोनही केला.

गिऱ्हाईक म्हणजे निवृत्त बसड्रायव्हर होते. बुधवारी संध्याकाळी ते आले. काकूही मागोमाग खाली उतरल्या आणि फाटकापाशी उभ्या राहिल्या. काकांनी आयुष्यभर खोटी तक्रार लिहून घेतली नव्हती, त्यामुळे गाडीचे सगळे दोष त्यांनी क्रमाने सांगितले. ड्रायव्हर ऐकत ऐकत आत बसले, नखाने चिकटपट्टी काढली, लाल दिव्याकडे बघितलं, आणि शेजारचं पिवळं फडकं उचललं. मग दांड्याचं बटण दाबून तो जरासा वर उचलला आणि खाली सोडला. टक असा आवाज झाला आणि दिवा विझला.

"एक घर वर राहिला होता," ते म्हणाले. "एवढ्याने चाक धरत नाही, पण दिवा लागतो. हँडब्रेक कोण ओढतं?"

"कोणीच नाही. अकरा वर्षं मी वीट..."

"मी ओढते," फाटकापाशी काकू म्हणाल्या.

काकूंनी खाली बघत एकेक सांगितलं. वरच्या मजल्यावरच्या नर्सबाई त्यांना दीड महिना रोज दुपारी गाडी शिकवत होत्या. रीतसर शिकाऊ परवाना काढून. परत आल्यावर सगळं होतं तसं ठेवायचं, सीट अंदाजाने मागे, आरसा अंदाजाने वर, फडकं दांड्यावर, वीट चाकाला. दांडा फार कडक होता, काकू अंगातलं सगळं बळ लावून तो खाली ढकलायच्या आणि झाला खाली असं समजायच्या. दिवा त्यांनीही बघितला होता. आपल्याच हातून काहीतरी मोडलं, म्हणून त्या गप्प राहिल्या होत्या. पुढे तर तो दिसेनासाच झाला, तेव्हा त्यांना वाटलं, आपोआप बरा झाला.

"अगं, पण विकायचं तर तूच म्हणाली होतीस."

"विकायचीच आहे तर आधी हिच्यावर शिकून घ्यावं म्हटलं," काकू म्हणाल्या. "माझ्या बाबांकडे जायचं म्हटलं की तुमचा चेहरा बघवत नाही. सहा दिवस लोकांचं ऐकून येता, सातव्या दिवशी मी कशी सांगू, चला म्हणून?"

ड्रायव्हर इकडे खूश होऊन बॉनेटवरून हात फिरवत होते. गाडीत दोष उरला नव्हता, त्यांना ती पसंत होती, आत्ता घेऊन जायचीही त्यांची तयारी होती.

"गाडी विकायची नाही," काकू म्हणाल्या. आवाज शांत होता. "शुक्रवारी माझी टेस्ट आहे."

ड्रायव्हरही लग्न झालेले होते. त्यांनी किल्ली काकूंच्या हातात दिली आणि ते चहा न घेता गेले.

काकू टेस्ट पास झाल्या. रविवारी त्या स्टिअरिंगवर बसल्या आणि काका पहिल्यांदाच शेजारच्या सीटवर. वीट त्यांनी हट्टाने डिकीत ठेवायला लावली होती. पहिल्या वळणाला त्यांनी पायाखाली नसलेला ब्रेक दाबला, दुसऱ्या वळणालाही दाबला. काकूंनी एका शब्दाने काही विचारलं नाही, काही सांगितलं नाही. दुसऱ्या सिग्नलपाशी काकांची मान छातीवर आली.

वडिलांच्या दारात गाडी थांबवून काकूंनी हँडब्रेक ओढला. दिवा लागला, मग किल्ली काढल्यावर विझला. त्यांनी काच बोटभर खाली केली, दार आवाज न करता लावलं. चार पावलं गेल्यावर त्या परत फिरल्या. डिकीतून वीट काढली आणि मागच्या चाकाला नीट सरकवून लावली. झोपेतून उठल्यावर काकांनी आधी तेच बघितलं असतं.