कोंबडीच्या टोमण्याचा हेतू

आमच्या गावात कुणाला ऑनलाइन टोमणा मारला की तो टोमणा दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतः चालत त्याच्या घरी येतो आणि हेतू नोंदवल्याशिवाय हलत नाही.

मंदाकिनी टिपणीसांकडे आला तो अर्ध्या बाह्यांच्या शर्टात, जरा ओशाळलेला. त्यांनी टाकलेल्या रांगोळीच्या फोटोतल्या मोरावर 'अंगण४७' अशा नावानं कुणीतरी लिहिलं होतं, "हा मोर आहे की भिजलेली कोंबडी?" तोच हा.

"या," मंदाकिनीबाई म्हणाल्या. आत मात्र नुसता संताप. शेजारच्या शैला बिवलकरचंच हे काम! कालच त्या रागात त्यांनी शैलाची वाटी रिकामी परत पाठवली होती. तीस वर्षांत पहिल्यांदाच. शैलानं ती खाली मान घालून घेतली, तेव्हा तर संशय पक्काच झाला.

टोमणा पाय धुवायला न्हाणीघरात गेला. तिथली कडी अडकते, जरा वर उचलून ढकलावी लागते. त्यानं न विचारता उचलून ढकलली.

मंदाकिनीबाई जागच्या जागी थबकल्या. शैलाला ही कडी ठाऊक नव्हती. यजमान विद्याधरराव पेपरमागे होते. पान मात्र मघापासून उलटलं नव्हतं.

अकरा वाजता नगरपालिकेचे कारकून सोनटक्के फॉर्म घेऊन आले. "मत्सर, मौज, वैताग की इतर?"

"इतर," टोमणा म्हणाला.

"तपशील?"

"शंभर जणांनी 'वा, सुंदर' लिहिलं, तर बाई ते मनातल्या मनात वाचतात. वाईट काही आलं, तर घरात मोठ्यांदा वाचून दाखवतील, असं वाटलं."

"दाखवलं?"

"हो. अर्धा तास जवळ बसल्या. रडल्यासुद्धा. ते ठरलेलं नव्हतं."

पेपर हलला. "अहो," मंदाकिनीबाई म्हणाल्या, "तुम्ही?" पेपर आणखी वर सरकला. त्यांना रागही आला आणि मायाही दाटली.

हेतू नोंदला की टोमण्यानं तो मारणाऱ्याच्या घरी परत जायचं, असा नियम आहे. त्यानं चपला घातल्या, जिना उतरला, पुन्हा वर आला आणि बेल वाजवली. विद्याधररावांनी दार उघडलं आणि बाजूला झाले. सोनटक्क्यांनी पोच घेतली.

मंदाकिनीबाई आधी डबाभर बेसनाचे लाडू घेऊन शैलाकडे गेल्या. बऱ्याच वेळानं, डोळे पुसत परतल्या. मग चष्मा लावून विद्याधरराव आणि टोमणा यांच्या मधे बसल्या आणि फोन उघडला.

"'वा, सुंदर,'" त्यांनी मोठ्यांदा वाचलं. "ऐकताय ना?"

"हो," दोघंही म्हणाले.