मोर्णा क्लबाचा शेवटचा गोल

बापू देशमुखांशी कोणाची ओळख करून दिली, की ते आधी त्याचे पाय बघतात. मग त्याची मैदानावरची जागा ठरवतात. आमच्या सोसायटीचे अध्यक्ष त्यांच्या लेखी लेफ्ट बॅक, मी राखीव. माझ्या मुलीला बघायला आलेल्या मुलालाही त्यांनी तोंडावर सांगितलं, "पोरगा चांगला हाय, पन विंगेवर दमन." लग्न झालं, संसार मार्गी लागला. जावई बापूंच्या लेखी अजून दमतोच आहे.

बापू निवृत्त वकील, अकोल्यातले माझे शेजारी. तरुणपणी ते मोर्णा क्लबाकडून फुटबॉल खेळत. क्लब एका कापडगिरणीचा, खेळाडूंना चक्क पगार मिळायचा. त्याचा इतिहास सांगायला बापूंना निमित्त लागत नाही. वीज गेली की इतिहास, दूध नासलं की इतिहास. सुरुवात कुठूनही होवो, शेवट ठरलेला. गिरणी तोट्यात आली होती. अंतिम सामना जिंकलात, तर क्लब ठेवतो, असं शेठजी म्हणाले होते. बरोबरी झाली, जादा वेळ सुरू झाला, आणि अंधारत आलेलं असताना बापूंनी न बघता बॉल मागे गोलकीपरकडे दिला. तो आपल्याच गोलात गेला.

"क्लब मीनं बुडवला," असं ते इतक्या थंडपणे सांगत, की ऐकणारालाच अवघडल्यासारखं व्हायचं.

परवा पातूरहून निरोप आला. त्यांचे गोलकीपर युसूफभाई फार आजारी होते. मी बापूंना गाडीने घेऊन गेलो. युसूफभाई खाटेवर पार वाळून गेले होते. सुनेने चहा दिला. तो संपेपर्यंत दोघे म्हातारे एकमेकांच्या तब्येतीला नावं ठेवत बसले. मग युसूफभाईंनी मला विचारलं, त्या पासाचं यानं तुम्हाला सांगितलं असेल ना? मी मान हलवली.

"झूट हाय ते. रोजा होता माहा. अजान झाली, मी खजूर घ्याले वाकलो, तेवढ्यात बॉल गेला. याचा तं पायबी नव्हता लागला."

पुढचंही युसूफभाईंनीच सांगितलं. गोलासमोर गर्दी होती, कोणालाच नीट दिसलं नव्हतं. तरी लोक रोज्यावरून नको ते बोलू लागले. तेव्हा बापू सरळ माईकपाशी गेले आणि चूक माझी म्हणाले. त्या आठवड्यात दगड पडले ते देशमुखांच्या घरावर. हे ऐकताना मला बापूंकडे बघवेना.

बापू चिडले होते. "चूप बस. इतिहास तुले मालूम हाय का मले?"

युसूफभाईंचे डोळे भरून आले. क्लब आपल्यामुळे बुडाला, हे मरायच्या आधी एकदा कोणापुढे तरी बोलायचं होतं, म्हणाले.

बापूंनी खुर्ची खाटेला लावली आणि त्यांचा हात धरला.

"बुडाला कुठी, युसूफ? आपन दोघं हावो न अजून. तू गेला, तं मंग बुडन."