चौथं बटण

धुडकूआबा कॉम्प्युटरच्या एररचा लिलाव करायचे. पडद्यावर लाल ओळ उमटली की खुर्चीवरून उठून, हात वर करून पुकारायचे, "एक बार... दोन बार... कोनी लेस का?" आख्खा क्लास हसायचा. सर कपाळाला हात लावायचे.

नंदुरबारच्या मिरची बाजारात जन्मभर लिलाव पुकारलेला माणूस. आवाज असा, की रस्त्यावरचे रिक्षावाले वळून बघत. साठी उलटल्यावर ते आमच्या प्रोग्रॅमिंगच्या क्लासला आले आणि नेमके माझ्या शेजारी बसले. कोड लिहितानाही तोंड चालूच. कंस उघडला की "दार उघाडं", मिटला की "दार लायं". बहुतेकदा दार लावायचं विसरायचे आणि लिलाव पुन्हा सुरू.

मी तेव्हा बीएस्सीला होते. हळूहळू निम्मी बॅच गळाली. मीही सोडायच्या बेतात होते. एकदा वैतागून म्हटलं, "आबा, मला नाही जमत हे."

"मालेबी जमत नई," ते म्हणाले. "पण कालदिन चार चुका व्हत्यात, आज तीनच शेतस. नफाच ना?"

त्या नफ्यापायी मी दुसऱ्या दिवशी गेले. तिसऱ्याही. आज पुण्यात ह्याच कामावर माझं पोट चालतं.

क्लास संपत आला तेव्हा आबांनी मोबाइल माझ्यापुढे धरला. आवाज पहिल्यांदाच खाली. "बेटा, बाईमाणूसना आवाज पाहिजे. एवढंच बोल: गप बठा हो! कितलं बोलतस तुम्ही!"

मी हसत हसत बोलले. कशाला, विचारलं तर म्हणाले, "बटणले."

ते बटण मी त्यांच्या घरी बघितलं. आबांच्या बायकोची, काकूंची, वाचा लकव्याने गेली होती. खाटेशेजारी जुना लॅपटॉप. त्यावर आबांनी स्वतः केलेली मोठी बटणं. पाणी, चहा, पंखा. चौथ्यावर नुसतं ओठांवर ठेवलेल्या बोटाचं चित्र.

"तीन जरूरतना शेतस," आबा म्हणाले. "पण ती मन्हावर वरडस नई ना, तं घर खायले उठस."

मग त्यांनी कोरीट गावच्या भाचीच्या लग्नातली लांबलचक गोष्ट काढली. काकूंनी बोट उचलून चौथ्या बटणावर टेकवलं. खोलीत माझा आवाज खेकसला. आबा एकदम गप्प. काकूंच्या ओठांचा एक कोपरा वर गेला.

आबांनी काकूंकडे बघितलं. मग हळूच म्हणाले, "तं मी काय सांगी ऱ्हायनू..."

काकूंचं बोट पुन्हा निघालंच होतं.