लिफ्टमधला गृहपाठ

"काइंडली डू द नीडफुल," नंदकिशोर चांदोरकर लिफ्टमध्ये म्हणाले, आणि शेजारी उभी असलेली दुसऱ्या मजल्यावरची मुलगी त्यांच्याकडे बघतच राहिली. त्यांना सहाचं बटण दाबून हवं होतं, बस्स. दोन्ही हात भाजीच्या पिशव्यांत अडकले होते. मुलीनं कानातलं ते इअरफोनचं बोंड काढलं आणि काळजीनं विचारलं, "अंकल, आर यू ओके?"

हा किस्सा ऐकून नात वेदिका सोफ्यावर लोळून हसली. ती आयटीत होती आणि नोकरीसाठी आजी-आजोबांकडेच राहायची. "आजोबा, हे ऑफिसच्या पत्रातलं इंग्रजी झालं! असं कोण बोलतं?"

"पस्तीस वर्षं मी असंच बोललो. कारखान्यात सगळ्यांना कळायचं."

"तिथे सगळेच तुमच्यासारखे होते!"

स्वयंपाकघरातून आजी, अलकाताई, म्हणाल्या, "तिथे माणसं होती, ते सांग." आणि मग नेहमीचा विषय निघालाच. कारखान्याच्या वसाहतीत दार कधी लावलेलं नसायचं. कुणाची कढीपत्त्याची डहाळी, कुणाचं पोर, कुणाचं भांडण, सगळं घरात येऊन जायचं. बंगळुरूतल्या जे. पी. नगरच्या या फ्लॅटला तीन वर्षं झाली होती, आणि बेल वाजवली ती फक्त पार्सलवाल्यांनी. अलकाताईंना पुण्याला सुचेताजवळ, धाकट्या बहिणीजवळ, राहायला जायचं होतं. "आठ दिवसांनी, सोमवारी, एजंट येतोय फ्लॅट बघायला. मी आता ऐकायची नाही."

नंदकिशोरांना बंगळुरू सोडायचं नव्हतं. पण बायकोचं म्हणणं खोडून काढावं असं एक वाक्य त्यांना कुठल्याच भाषेत सापडत नव्हतं.

वेदिकानं त्यांना वही आणून दिली. "हे बघा. कॅन, कुड, शुड, मस्ट. याला पुढे जोडायचं ड्रॉप इन, कम ओव्हर. 'यू आर रिक्वेस्टेड टू व्हिजिट' विसरा. 'यू मस्ट ड्रॉप इन', एवढंच. हा घ्या नमुना." आणि तिनं लिहिलं: यू मस्ट ड्रॉप इन, संडे, फाइव्ह ओ'क्लॉक. "रोज चार खऱ्या माणसांना म्हणायचं. लिफ्टमध्येच म्हणा."

"आणि ती आली म्हणजे?"

"येत-बित नाही कुणी, आजोबा. समोरचा 'शुअर, शुअर' म्हणतो, लिफ्ट थांबते, संपलं. सगळे असंच बोलतात."

आता नंदकिशोर होते तपासणी विभागातले. नमुना मंजूर झाला की त्यात सुताएवढाही फरक करायचा नाही, हा त्यांचा जन्माचा धर्म. त्यांनी वहीत तक्ता आखला. उभ्या रकान्यात फ्लॅटचे नंबर, आडव्यात वाक्यं. वेदिकानं दिलेल्या यादीप्रमाणे मस्टचं शुड केलं, ड्रॉप इनचं कम ओव्हर केलं, पण 'संडे, फाइव्ह ओ'क्लॉक' जसंच्या तसं ठेवलं. ते नमुन्यात होतं ना!

सोमवार ते शनिवार, चोवीस माणसं. प्रत्येक जण "शुअर, अंकल" म्हणाला. नंदकिशोर प्रत्येकापुढे लाल पेननं बरोबरची खूण करत गेले. पहिल्या मजल्यावरचे गुरुप्रसाद, सोसायटीचे सेक्रेटरी, तेवढे थबकले. "संडे, फाइव्ह? एनु सर, काय स्पेशल?" नंदकिशोरांच्या वहीत या प्रश्नाचं उत्तर नव्हतं. म्हणून ते नुसते हसले, आणि तिथेच घात झाला.

रविवारी पाच वाजता नंदकिशोर लेंगा-बनियनवर पेपर वाचत होते. अलकाताई पुण्याला न्यायच्या भांड्यांची यादी करत होत्या. बेल वाजली.

"पार्सल असेल," त्या म्हणाल्या.

दारात गुरुप्रसाद उभे होते. हातात शाल आणि नारळ, मागे बायको, तिच्या मागे जिन्यापर्यंत माणसंच माणसं. सोसायटीच्या ग्रुपवर आठवडाभर खल झाला होता. सहाव्या मजल्यावरचे सर प्रत्येकाला जातीनं बोलावतायत, दिवस-वेळ देऊन! म्हणजे काहीतरी मोठंच असणार. चौथा मजला म्हणाला लग्नाचा पन्नासावा वाढदिवस, तिसरा म्हणाला पंचाहत्तरी. शेवटी सगळ्यांनी मिळून केक आणला होता, आणि वाद नको म्हणून त्यावर नुसतंच 'काँग्रॅच्युलेशन्स' लिहून घेतलं होतं.

"अहो, हे काय?" अलकाताई दबक्या आवाजात ओरडल्या.

"गृहपाठ," नंदकिशोर कसेबसे म्हणाले आणि सदरा शोधायला पळाले.

घरात खुर्च्या चार, पोहे अर्धा किलो. पण अलकाताईंनी पदर खोचला तो थेट वसाहतीतल्या दिवसांसारखा. "वेदिका, खालच्या बेकरीतून खारा बन आण, पंचवीस! अक्का, तुम्ही स्वल्प कांदा चिरता का?" शेवटचं वाक्य कानडीत होतं, आणि गुरुप्रसादांच्या बायकोनं "सरी, सरी" म्हणत विळीच ओढली. तरुण पोरं आपापल्या घरून खुर्च्या घेऊन आली. दुसऱ्या मजल्यावरची ती मुलगी पोह्यांचा घास घेऊन म्हणाली, "अय्या, हे तर आईच्या हातचे पोहे!"

नंदकिशोर चमकले. "तू मराठी?"

"मी प्रांजली, नागपूरची. अन् तुम्ही मराठी आहात? तीन वर्षं आपण इंग्रजीत गुडमॉर्निंग करून राहिलो, काका!"

मग गुरुप्रसादांनी शाल उघडली आणि विचारलं, "सर, आता सांगा. ऑकेजन काय?"

नंदकिशोरांना खोटं बोलता येत नव्हतं. त्यांनी वही आणली, तक्ता दाखवला, लाल खुणा दाखवल्या. मान खाली घालून म्हणाले, "ऑकेजन नाही. मी प्रॅक्टिस करत होतो. माफ करा."

मग गुरुप्रसाद इतके हसले की शाल हातातून पडली. "सर, सात वर्षं या बिल्डिंगमध्ये सगळे मला म्हणतात, वुई शुड कॅच अप. मी पण म्हणतो. दिवस आणि वेळ सांगितली ती फक्त तुम्ही!" त्यांनी शाल उचलली आणि तरीही नंदकिशोरांच्या खांद्यावर घातलीच. नंदकिशोरांचे डोळे भरून आले, आणि ते लपवायला त्यांनी नारळ कुरवाळला.

निघताना जो तो दारात म्हणू लागला, "आंटी, नाउ यू मस्ट कम ओव्हर!"

"कधी?" अलकाताईंनी विचारलं.

"एनी टाइम, आंटी..."

"तसं नाही चालायचं. डे अँड टाइम." त्यांनी नवऱ्याच्या हातातली वही काढून घेतली, कोरं पान उघडलं आणि दारातच बसून लिहायला घेतलं. कुणाचीही उत्तर दिल्याशिवाय सुटका झाली नाही.

सोमवारी अकरा वाजता एजंटचा फोन आला. नंदकिशोरांनी तो बायकोकडे दिला आणि खिडकीशी जाऊन उभे राहिले. अलकाताईंनी आधी वहीचं पान उलटून पाहिलं, घसा साफ केला आणि आठवडाभर स्वयंपाकघरातून ऐकलेलं इंग्रजी पहिल्यांदाच सलग तोंडातून काढलं.

"सॉरी हां. वुई कांट मूव्ह आउट. वेनस्डे, सिक्स ओ'क्लॉक, वुई मस्ट ड्रॉप इन ॲट फ्लॅट फोर-झीरो-टू."

फोन ठेवून त्यांनी वही नवऱ्यापुढे सरकवली. "तपासा."

नंदकिशोरांनी लाल पेन काढलं. बुधवारच्या ओळीपुढे त्यांनी बरोबरची मोठी खूण केली.