बरणीला ऊन

समीक्षाच्या पीएचडीचं घोडं वर्षभर एकाच जागी अडलं होतं: सूक्ष्मदर्शकाखाली सगळंच चमकत होतं.

खाडीच्या चिखलातल्या निवटी मासळीच्या कल्ल्यांत मीठ बाहेर टाकणाऱ्या पेशी असतात. त्या हुडकायला आधी त्यांच्यातल्या प्रथिनालाच चिकटणारी अँटीबॉडी सोडायची, मग तिला धरणारी दुसरी, चमकत्या रंगाची. तेवढ्याच पेशी उजळायला हव्यात. पण कल्ल्यांचं मांस मुळातच चमकणारं निघालं.

"म्हंजे लग्नात सगल्यांनीच मुंडावल्या बांधल्या," खांदा कॉलनीतल्या घरी आशालताबाईंनी लेकीचं दुःख समजून घेतलं. "मंग नवरा कोन ते कलायचा कसा?"

आता तिचे मार्गदर्शक विश्वजीत सर शेवटचं बघणार होते. नाही जमलं तर विषय बदलायचा. कल्ल्यांच्या उरलेल्या कापांच्या काचपट्ट्या बरणीत होत्या. कॉलेजची वीज बंद, तिथला फ्रीजही बंद, म्हणून बरणी घरी आली आणि समीक्षा मैत्रिणीच्या हळदीला कामोठ्याला निघाली.

"ह्यात काय हाय गो?"

"मिठाच्या पाण्यात निवटी. हात लावू नकोस!"

मे महिना, काचेची बरणी, मिठाचं पाणी, आत मासळी. आशालताबाई गव्हाणच्या मिठागरवाल्यांच्या लेक. त्यांनी हात मुळीच लावला नाही, फडक्यानं उचलली.

दोन दिवसांनी समीक्षा परतली, तर बरणी गच्चीवर कैरीच्या लोणच्याशेजारी. तिनं धावत जाऊन ती सावलीत ओढली.

"आई, माझं वर्ष गेलं!"

"नासंल म्हनून ऊन दाखवलं गो." बाई त्या रात्री जेवल्या नाहीत.

दुसरे काप नव्हतेच. समीक्षानं रडत रडत त्या उन्हातल्या कापांवरच दोन्ही अँटीबॉडी सोडल्या. सरांनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला आणि कितीतरी वेळ काढलाच नाही. सगळीकडे काळोख, त्यात मोजक्याच पेशी हिरव्यागार!

"मांसाची चमक गेली कुठे?"

"उन्हात उडाली, सर. आमच्या गच्चीवर."

सर हसत सुटले. "अगं, त्यासाठी लोक महागडे दिवे लावतात! नवे काप घे, पुन्हा कर. पण एक बरणी उन्हात, एक अंधारात. फरक दाखवल्याशिवाय कुणी मानणार नाही."

शनिवारी एक बरणी गच्चीवर गेली, दुसरी काळ्या कागदात गुंडाळून कपाटात. आईला तीनदा बजावलं. आईनं तीनदा मान डोलावली.

रविवारी संध्याकाळी कपाट रिकामं. गच्चीवर दोन्ही बरण्या शेजारी शेजारी, काळा कागद घडी करून दगडाखाली ठेवलेला.

"आई!"

"वरडू नको. मागं ऊन दाखवलं, तवा तू पास झालीस ना? मंग ह्या बिचारीला कोंडून नापास कशाला करायची? आपल्या घरात असला भेदभाव चालायचा नाय."